मेढ्याकडची चाळीस पोरं

तायाप्पा लवटे विद्यार्थ्याला कधी नाव विचारत नसत. संगणक केंद्राच्या खिडकीशी येऊन एखादं पोरगं "सर, मेल उघडत नाही" म्हणालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कुठलं रं?" गाव कळलं की वाडी. वाडी कळली की, "धरणाच्या अलीकडं का पलीकडं?" मग घरी कोण कोण असतं, कुठल्या गाडीनं आलास, काही खाल्लंस का. पासवर्डाचा विषय सगळ्यात शेवटी निघायचा. तोवर रांग व्हरांड्यातून पायऱ्यांपर्यंत गेलेली असायची आणि मी आतून ओरडायचे, "लवटे, सोयरीक नंतर जमवा, आधी त्याला मोकळं करा." ते मान न वळवता म्हणायचे, "मॅडम, वळख न्हाई ते पोरगं उद्या हरवलं तर हुडकायचं कसं?"

आमच्या विद्यापीठाचं हे केंद्र साताऱ्याच्या बाहेर माळावर आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कॉलेजांतल्या मुलांची ईमेल खाती आम्ही सांभाळतो. विद्यापीठ प्रत्येक मुलाला एक खातं देतं. निकाल, शिष्यवृत्ती, मुलाखतीची पत्रं, सगळं त्यावर येतं. मी तिथे कक्ष अधिकारी होते, म्हणजे कागदावर लवट्यांची साहेब. माझं माहेर-सासर दोन्ही सांगलीचं, हळदीच्या व्यापारातलं. गाडीतून उतरलेलं पोतं अन् पोतं मोजल्याशिवाय आमच्या घरात कोणी पाण्याचा घोट घेत नसे. त्यामुळे बेरीज जुळली की माझा जीव भांड्यात पडायचा. लवट्यांचा पडायचा नाही, आणि आमची सगळी भांडणं इथूनच सुरू व्हायची.

ते जत तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. वडील आणि चुलते आठ महिने मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला फिरायचे. लवटे आश्रमशाळेत शिकले, आयटीआय झाले आणि आमच्या इमारतीत केबल टाकायला आलेल्या ठेकेदाराबरोबर आले. ठेकेदार गेला, हे राहिले. केबलपासून सर्व्हरपर्यंतचं सगळं पाहून पाहून शिकले. हुद्दा मात्र अखेरपर्यंत 'कंत्राटी तंत्रसहायक'. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार. खंडाच्या दिवशी ते नोकरीत नसत, म्हणून आत यायची परवानगी नसे. तरी हा गृहस्थ डबा घेऊन यायचा आणि खिडकीबाहेरच्या बाकावर बसायचा. आत मी संगणकापुढे गोंधळले की बाहेरून आवाज यायचा, "डावीकडचं बटन दाबा मॅडम. मी आज इथला न्हवं, पर सांगतो आपलं."

रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ते खात्यांची यादी उघडून उभे राहायचे. बसायचे नाहीत. पडद्यावरून नावं सरकत राहायची आणि ओठ हलत राहायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं, हे जप करतात. एकदा न राहवून म्हटलं, "अहो, खाली एकूण संख्या येते की. तेवढी बघा आणि चला." तेव्हा त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. मेंढरं कोंडायच्या जाळीला ते वाघर म्हणतात. दिवस मावळताना वडील वाघरीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या एकेका मेंढीकडे बघायचे. शेवटची आत गेली की सांगायचे, आज ती काळ्या कानाची न्हाई आली. "माझ्या बापाला शंभराच्या पुढं मोजता येत न्हवतं," लवटे म्हणाले. "पर मॅडम, मोजल्यावर किती गेली ते कळतं. कोण गेलं ते कळत न्हाई."

मी हसले होते, हे कबूल करते.

पुढे जुन्या कंपनीबरोबरचा ईमेलचा करार संपत आला आणि विद्यापीठानं दुसऱ्या कंपनीचा प्लॅटफॉर्म घेतला. हजारो मुलांची खाती, आतल्या सगळ्या पत्रांसकट, इकडून तिकडे न्यायची होती. परिपत्रकात शब्द होता 'स्थलांतर'. तो वाचून लवटे खुशीत आले. "एवढं काय त्यात? आमच्यात दर साली हुतं." तीन आठवडे ते आणि नवीन कंपनीचं यंत्र मिळून खाती हलवत होते. जुनी कंपनी एका शनिवारी संध्याकाळी पाचला सगळं पुसून टाकणार होती. त्याआधी 'सर्व खाती स्थलांतरित' असं प्रमाणपत्र दोन सह्यांनिशी जायला हवं होतं, एक लवट्यांची आणि एक माझी.

त्या शनिवारी सुट्टी असूनही आम्ही आलो होतो. सकाळी दहाला संचालक ते प्रमाणपत्र जोडलेला छापील अहवाल घेऊन माझ्या टेबलाशी आले. जुनी खाती इतकी, प्रक्रिया झालेली तितकीच, शिल्लक शून्य. मी दोनदा ताळा घेतला. "लवटे करतील मागाहून," ते म्हणाले, "तुम्ही करून टाका. तुमच्या बढतीचा कागदही याच आठवड्यात वर जातोय." लवट्यांच्या सहीखालीच सही करायची माझी वर्षानुवर्षांची सवय. त्या दिवशी मी आधी केली.

अकराच्या सुमाराला खिडकीशी एक मुलगी आली. सुवर्णा तिचं नाव, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. परराज्यातल्या एका संशोधन संस्थेत तिची निवड झाल्याचं मैत्रिणीकडून कळलं होतं. पत्र ईमेलवर आलेलं, आणि त्यातल्या दुव्यावर जाऊन रविवारच्या आत होकार कळवायचा होता. जुनं खातं बंद आणि नवं उघडत नाही. ती सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून आली होती.

"गाव कुठलं गं?" लवट्यांनी विचारलं.

"मेढ्याच्या पुढं. डोंगरात."

त्यांनी नवी यादी उघडली आणि उभे राहिले. ओठ हलायला लागले. नावं वर सरकली, खाली सरकली, पुन्हा वर. मग हलायचे थांबले.

"मॅडम, मेढ्याकडची पोरं दिसंनात."

"बेरीज जुळलीय, लवटे. मी स्वतः पाहिलीय."

"बेरीज असू द्या हो. पोरं न्हाईत."

अर्ध्या तासात उलगडा झाला. मेढ्याला एस.टी. स्टँडसमोर सपकाळांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. वरच्या वाड्यांतल्या मुलांचे प्रवेश अर्ज तेच भरतात. वाड्यांत फोनला रेंज नाही, कॉलेजचा निरोप पोचायचा कसा? म्हणून भल्या माणसानं प्रत्येक अर्जावर स्वतःचाच मोबाइल नंबर घातला होता. काही आलं की ते दुधाच्या जीपबरोबर चिठ्ठी वर पाठवायचे. गेली कित्येक वर्षं त्यानं कोणाचं अडलं नव्हतं. नव्या प्लॅटफॉर्मला मात्र एका नंबराचा एकच माणूस ठाऊक होता. त्यानं सपकाळांच्या नंबराचं पहिलं खातं घेतलं आणि बाकीची 'तीच ती' म्हणून सोडून दिली. सोडलेलीही 'प्रक्रिया झालेली' म्हणून धरली. म्हणून बेरीज जुळली होती. चाळीस मुलांची पत्रं जुन्या जागीच होती आणि पाच वाजता पुसली जाणार होती.

लवटे संचालकांकडे गेले, मागून मी.

"हजारांमध्ये चाळीस," संचालक म्हणाले. "सोमवारी नवीन खाती उघडून देऊ त्यांना."

"खाती द्याल सर. आतली पत्रं कुठनं देणार?"

"तुम्ही सही करा, लवटे."

"न्हाई जमायचं. चाळीस भाईर असताना समदी आत आली म्हणून कसं लिहू?"

"मग जुन्या कंपनीला मुदत वाढवायला सांगू या का?" मी मध्ये बोलले. अहवाल माझ्या एकट्या सहीवर, दुसरी मागाहून येईल असं सांगून, आधीच पाठवला आहे, आता मुदत मागितली तर तोंडघशी पडू, असं ते म्हणाले. गाडीत बसताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही या भानगडीत पडू नका. अहवालावर सही तुमची आहे, लक्षात ठेवा." ते पुण्याला गेले.

सव्वा वाजला होता. खोलीत लवटे, सुवर्णा, शिपाई जाधव आणि मी. जुन्या खात्यांची दारं शुक्रवारीच बंद झाली होती. पत्र उघडून वाचता येत नव्हतं, फक्त पत्रांची पेटी जशीच्या तशी उचलून नव्या खात्यात ठेवता येत होती. त्यासाठी प्रत्येक मुलाला वेगळा मोबाइल नंबर हवा. त्यावर सहा आकडी कोड येणार, तो दोन मिनिटांत इकडे घालायचा, मग पेटी हलणार. एकाला पाच मिनिटं. चाळीस मुलं. दुसऱ्याचा नंबर घालणं नियमात बसत नाही, हे लवट्यांना माहीत होतं आणि मलाही.

"तिचं आधी करा," मी सुवर्णाकडे बोट दाखवून म्हटलं. तिचा नंबर चालत नव्हता. घरात एकच फोन, आणि साताऱ्यात अर्ज भरलेल्या भावाचं खातं त्याच नंबरावर आधीच पलीकडे गेलेलं.

लवट्यांनी मान हलवली. "ती समोर हाय. नजरेसमोर हाय ती कुठं जात न्हाई. जी दिसत न्हाईत ती आधी." मग सुवर्णाकडे वळून म्हणाले, "चालंल नव्हं बाळ?" ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

पहिला नंबर त्यांचा स्वतःचा, दुसरा जाधवांचा, तिसरा फाटकावरच्या पहारेकऱ्याचा. मग त्यांनी सपकाळांना फोन लावला. चूक कळल्यावर ते बिचारे रडकुंडीला आले. "आता काय करू सांगा." लवटे म्हणाले, "रडत बसू नगा. स्टँडवर जो फोनवाला माणूस दिसंल त्याला धरून आणा." आणि सपकाळांनी आणले. चहावाला, वडापच्या जीपचा ड्रायव्हर, कंडक्टर, बाजाराला आलेल्या बायका. एकेकाचा नंबर सपकाळ सांगायचे, कोड आला की फोनमध्ये ओरडून वाचायचे. लवटे टाइप करायचे आणि सुवर्णा यादीवर खूण करायची. मी नुसती बसले होते. एकदा वडाप सुटली म्हणून कोड अर्धाच ऐकू आला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्यात सात मिनिटं गेली.

अडीचला दहा झाली होती. साडेतीनला बावीस. मेढ्याची माणसं संपली तेव्हा लवट्यांनी आपल्या भावकीला फोन लावले. बायको, मेहुणा, पुतण्या. त्यांचे चुलतभाऊ मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या बाजूला कुणाच्या तरी रानात होते. त्यांच्या फोनमधून मेंढरांचा गलका आधी यायचा आणि मग एकेक आकडा. "च्यार... व्हय, च्यार... मग शून्य... आरं हट्, माझ्या पायात येऊ नगंस!" त्या तणावातही सुवर्णाला हसू फुटलं. लवटे हसले नाहीत. घड्याळाकडे बघून म्हणाले, "पुढचं."

साडेचारला पाच उरली. पावणेपाचला दोन. नव्या गाडीनं आलेली दोन माणसं सपकाळांनी पुन्हा धरून आणली होती, पण मेढ्यात सकाळपासून लाइट नव्हती. अडतिसावा कोड वाचून झाला होता, एकोणचाळिसावा सांगता सांगता सपकाळांचे शेवटचे दोन आकडे आले आणि त्यांचा फोन बंद पडला. आकडे पोचले होते. पेटी हलली. आता यादीवर एकच नाव बिनखुणेचं होतं.

लवट्यांनी मेहुण्याच्या भावाला लावला, उचलला नाही. आटपाडीच्या एका मित्राला लावला, रेंजबाहेर. जाधव रस्त्यावर कोणी मिळतं का बघायला धावत फाटकाकडे गेले. शनिवारचा माळ तो, तिथे कोण भेटणार? मग लवटे माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमचा नंबर?"

नऊ मिनिटं शिल्लक होती. माझ्या डोळ्यांसमोर सकाळची माझी सही आली. अहवालावर माझी सही 'सर्व खाती स्थलांतरित' म्हणून, आणि त्याच संध्याकाळी एका मुलीच्या खात्याला माझा नंबर. चौकशीत कोणीही विचारलं असतं, तुम्हाला माहीत होतं तर मग सही कशी केली? बढतीचा कागद, सांगलीला बदली मिळायची आशा, सगळं त्या एका क्षणात मनात आलं.

"फोन घरी राहिलाय," मी म्हटलं.

"बरं," लवटे म्हणाले आणि पुन्हा आपल्या फोनवर नंबर शोधायला लागले.

सात मिनिटं उरली असताना माझ्या पर्समध्ये फोन वाजला.

सुवर्णानं पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लवट्यांची बोटं थांबली. अजूनही वेळ होता. मी फोन काढून त्यांच्या हातात दिला असता, हसून वेळ मारून नेली असती, तरी चाललं असतं. कोड यायला अर्धं मिनिट लागतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "घ्या मॅडम. घरचा आसंल."

टोमणा असता तर सोसला असता. मी फोन कानाला लावला आणि व्हरांड्यात गेले. यजमानांचा होता. संध्याकाळच्या गाडीनं येतेस ना, एवढंच विचारायचं होतं त्यांना. मी बोलत राहिले. सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारलं, दळण आणलं का विचारलं, कोपऱ्यावरचा रस्ता झाला का विचारलं. आत जायची मला भीती वाटत होती, म्हणून मी बोलत राहिले. परत गेले तेव्हा पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. पडदा कोरा होता. जाधव दाराशी धापा टाकत उभे होते, एकटेच. सुवर्णा पिशवीची चेन लावत होती. ती रडली नाही. लवट्यांना वाकून नमस्कार करून गेली.

रविवारी संस्थेचं कार्यालय बंद. सोमवारी सकाळी नऊपासून लवटे फोन लावत होते. मोडक्या हिंदीत त्यांनी तिकडच्या तीन माणसांना सगळी हकीकत सांगितली. जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला गेली होती. पुढच्या वर्षी सुवर्णानं पुन्हा अर्ज केला नाही, असं सपकाळांकडून कळलं. तिचं लग्न ठरलं होतं.

मला बढती मिळाली. सांगलीलाही आले. लवट्यांचा करार दोन महिन्यांनी संपला आणि या वेळी खंडाचा दिवस संपला तरी नवा कागद आला नाही. कारण दिलं होतं, विद्यार्थ्यांच्या खात्यांना बाहेरच्या व्यक्तींचे नंबर जोडले. ते खरंच होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या. माफीची जुळवाजुळव मनात कधीची केली होती, पण मी किल्ल्या मोजून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. तेच म्हणाले, "त्या एकोणचाळीस जणांचे नंबर बदलून घ्या मॅडम. एकेकाला बोलवून. घाई करू नगा." मग डबा घेऊन जतच्या गाडीला गेले. आता गावात वायरिंगची कामं करतात. मी फोन करते, ते उचलतात, तब्येतीचं विचारतात. माफी मागायचा विषय मी दर वेळी पुढच्या फोनवर ढकलते.

चौकशीचं सांगायचं राहिलं. मुद्दाम राहिलं असेल.

ती लवटे जायच्या आधी पंधरा दिवस झाली. संचालकांच्या केबिनमध्ये तीन जणांची समिती बसली होती आणि इतिवृत्त लिहायला मी. लवटे उभेच राहिले. नंबर कुणाकुणाचे, असं विचारल्यावर म्हणाले, "मी मागून घेतले. कशाला ते त्यांना म्हाईत न्हवतं." जाधवांचं नाव आलं नाही, सपकाळांचंही नाही. मग अध्यक्षांनी यादीवर बोट ठेवलं. एकोणचाळीस झाली, तर ही एक का राहिली?

"समोर हुती म्हणून मागं ठेवली सर. माझं चुकलं."

"त्या वेळी खोलीत आणखी कोणाकडे फोन नव्हता?"

लवट्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत म्हणाले, "न्हवता."

अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्या लिहून." मी लिहिलं, "नव्हता."